दुसऱ्या फळीचा खेळ आणि महानगरातील रिकामी बाके

जी स्पर्धा देशाच्या पहिल्या रांगेत बसत नाही, पण जिच्यात उतरणारे खेळाडू गल्लीतले हौशीही नसतात, तिला दुसऱ्या फळीचा खेळ म्हणता येईल. रणजी करंडकाचे साखळी सामने, आय-लीगचा फुटबॉल, मुंबईतील आगा खान चषकाची हॉकी, जिल्हा पातळीवरची कबड्डी आणि यात्रेतले कुस्ती मैदान हे सारे या फळीत मोडते. या खेळांपैकी बहुतेकांना महानगरात प्रेक्षक मिळत नाही. मुंबईत रणजी सामना चालू असताना दार उघडे असते, तिकीट नसते, मैदानावर भारतासाठी खेळलेले दोन-तीन खेळाडूही असतात. तरी बाके ओस पडलेली दिसतात. त्याच काळात एखाद्या मध्यम गावातल्या कुस्ती मैदानाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

या विरोधाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की शहरी माणसाला वेळ नसतो आणि खेड्यातल्या माणसाला दुसरी करमणूक नसते. दोन्ही विधाने अपुरी आहेत. आयपीएलच्या सामन्याला हाच शहरी माणूस रात्री साडेअकरापर्यंत बसतो, आणि गावातल्या माणसाच्या खिशातल्या फोनवर जगातला कुठलाही सामना दिसतो. खरे कारण खेळाच्या दर्जात किंवा प्रेक्षकाच्या फुरसतीत फारसे सापडत नाही. पहिल्या फळीचा खेळ त्याच्या कौशल्यासाठी आणि नावासाठी पाहिला जातो. दुसऱ्या फळीचा खेळ नात्यासाठी पाहिला जातो, आणि महानगरात हे नाते जुळायला जागा मिळत नाही.

हे नाते कसे तयार होते ते पाहायला यात्रेतल्या कुस्तीइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मंद्रूप हे सोलापूरच्या दक्षिणेला, विजापूरच्या बाजूचे गाव. या पट्ट्यात घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे सर्रास भेटतात, आणि कुस्तीचा शौक भीमेच्या दोन्ही तीरांवर सारखाच आहे. इथल्या यात्रेतल्या मैदानाची तयारी आखाडा खणण्याच्या बरीच आधी सुरू होते. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते. कुणी शंभर रुपये देतो, कुणी एका कुस्तीचे इनाम आपल्या नावावर घेतो, कुणी बाहेरगावच्या पैलवानांच्या जेवणाची सोय उचलतो. मोठ्या जोड्या वस्तादांशी बोलून आधी नेमल्या जातात आणि कुणाशी कोण लढणार याची चर्चा चावडीवर, पानटपरीवर, एसटीत आठ-दहा दिवस चालते. मैदान सुरू होईपर्यंत गावातला प्रत्येक जण त्या कार्यक्रमाचा थोडासा मालक झालेला असतो. प्रवेश फुकट असला तरी किंमत आधीच मोजलेली असते.

मैदानाचा क्रमही विचारपूर्वक लावलेला असतो. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. त्यांचे इनाम म्हणजे रेवड्या, नारळ, दहा-वीस रुपये. या कुस्त्यांत कौशल्य बेताचे असते, पण आखाड्याभोवती त्या पोरांचे चुलते, मामा, शेजारी आणि शाळेतले गुरुजी बसलेले असतात. मग इनामाची रक्कम चढत जाते, हलगीचा ठेका वाढतो, निवेदक प्रत्येक पैलवानाचे नाव त्याच्या गावासह आणि वस्तादासह पुकारतो. नुसते नाव कधी पुकारले जात नाही. अमुक गावचा, अमुक तालमीचा, अमुक वस्तादांचा पठ्ठ्या, असा त्याचा पूर्ण पत्ता ऐकणाऱ्याला मिळतो. परक्या गावचा पैलवानही त्यामुळे परका राहत नाही. त्या गावात कुणाची तरी लेक दिलेली असते, कुणाचा तरी साडू राहत असतो. शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी थांबलेला माणूस दुपारपासून पन्नास कुस्त्या पाहून बसलेला असतो आणि त्यातल्या निम्म्यांत तो कुणाच्या तरी बाजूचा असतो.

हे दृश्य गावापुरतेच मर्यादित नाही. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा पुण्यात कोथरूडला झाली आणि तिला मोठी गर्दी लोटली. माती विभागाची अंतिम कुस्ती मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्याचा महेंद्र गायकवाड या सोलापूर जिल्ह्यातल्याच दोघांत झाली. तिच्यातल्या चार गुणांच्या निर्णयावर पुढे कित्येक दिवस चावड्यांवर आणि समाजमाध्यमांवर वाद झडला. पुण्यात कामाधंद्यासाठी आलेल्या सोलापूर, सातारा, सांगली, लातूर, अहमदनगरकडच्या माणसांना त्या मैदानात आपले जिल्हे भेटले. महानगरात दुसऱ्या फळीचा खेळ मुळीच चालत नाही, असे म्हणणे त्यामुळे बरोबर नाही. प्रेक्षकाला आपला माणूस मैदानात दिसला तर तो शहरातही येतो.

क्रिकेटचा इतिहास हेच उलट बाजूने सांगतो. मुंबईत १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम, आणि १९३७ मध्ये उरलेल्या सर्वांचा म्हणून ‘रेस्ट’ हा पाचवा संघ येऊन स्पर्धा पंचरंगी झाली. ब्रेबॉर्न स्टेडियम या सामन्यांना तुडुंब भरे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदू संघासाठी नाबाद २५० धावा केल्या आणि सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी रेस्टच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. धर्मावर संघ पाडण्याची ही पद्धत घातक होती. महात्मा गांधींनी १९४० मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि १९४५-४६ नंतर ती बंद झाली, हे योग्यच झाले. मात्र तिच्या जागी उभी राहिलेली रणजी स्पर्धा, जी १९३४-३५ पासून चालू होतीच, तो प्रेक्षक कधी पूर्णपणे आपला करू शकली नाही. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि २०२३-२४ मधला विजय धरून एकूण ४२ वेळा. इतका पराक्रम जगातल्या फार थोड्या संघांच्या खात्यावर असेल. तरीही ‘मुंबई’ हे नाव इतके मोठे आणि पसरट आहे की दादरच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाला त्यात आपले घर सापडत नाही. जिमखाना, जात, धर्म, वस्ती हे संघाचे आधीचे पत्ते गेले आणि नवा पत्ता मिळाला नाही.

रणजी सामन्याला महानगरात गर्दी होते ती एखाद्या चेहऱ्यासाठी. ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत रेल्वेविरुद्धच्या सामन्यात विराट कोहली उतरणार म्हणून हजारो लोक सकाळपासून रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशी तो ६ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टेडियम लगेच रिते होऊ लागले. सामना संपायचा होता, दिल्लीचा संघ खेळत होता, पण आलेला माणूस दिल्लीसाठी आलेलाच नव्हता. अशी गर्दी पहिल्या फळीकडून उसनी घेतलेली असते.

हॉकीची गोष्ट अधिक करुण आहे, कारण तिथे नाते एकेकाळी घट्ट होते आणि ते तुटताना दिसले. मुंबईत आगा खान हॉकी स्पर्धा १८९६ मध्ये सुरू झाली. कोलकात्याच्या बेटन चषकाप्रमाणेच ती देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. वांद्रे, भायखळा, माझगाव इथल्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत हॉकी घरोघर होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो याच मुंबईचे. पुढे जोकिम कार्व्हालो, मर्व्हिन फर्नांडिस, एम. एम. सोमय्या, मार्सेलस गोम्स अशी रांग मुंबईच्या मैदानांवर घडली किंवा चमकली. पुण्याच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून धनराज पिल्ले आला आणि चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळला. या वस्त्यांत सामना पाहणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाला पाहणे असे.

या नात्याला दुसरा आधार होता नोकरीचा. टाटा, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, भारत पेट्रोलियम या संस्था खेळाडूंना कायमची नोकरी देऊन संघ बाळगत. कचेऱ्या फोर्ट-चर्चगेटला, हॉकीचे मैदान चर्चगेट स्टेशनाजवळ. कारकून पाच वाजता टेबल आवरून चालत मैदानावर जाई आणि आपल्याच खात्यातल्या सहकाऱ्याला ओरडून प्रोत्साहन देई. खेळाडू आणि प्रेक्षक एकाच कँटीनमध्ये जेवत, इतके ते नाते साधे होते. नंतर खेळाडूंची भरती आटली, संघ बंद पडले, कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुल आणि नवी मुंबईकडे सरकल्या. ख्रिस्ती वस्त्यांतली तरुण पिढी आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात पांगली.

मैदानाचा बदलही यात मोजला पाहिजे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाऊ लागली. ही हिरवळ महाग, तिला पाणी लागते, देखभाल लागते. म्हणून शहरात ती एक-दोन ठिकाणीच येते आणि कुंपणाच्या आत राहते. त्याआधी हॉकी शाळेच्या पटांगणावर आणि उघड्या मैदानावर जाता-येता दिसे. खेळ रस्त्यावरून दिसेनासा झाला की नवा प्रेक्षक तयार होणे थांबते. क्रिकेट अजून आझाद मैदानावर उघडे खेळले जाते, कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात चालू आहे, आणि स्टेशनकडे निघालेला माणूस दोन षटके थांबून पाहतो. हॉकीच्या वाट्याला हे भाग्य उरले नाही.

मग व्यावसायिक लीगचा प्रयोग झाला आणि त्याने हा प्रश्न उघडा पाडला. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली. तिच्यात ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता, पण पहिला हंगाम हैदराबादेत खेळवला गेला. मराठा नावाचा संघ मराठी मुलुखाबाहेर खेळत होता. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकीत ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’ आले. अंतिम सामना २ एप्रिलला मुंबईतच झाला, शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ ने हरवले, आणि ती लीग त्या एका हंगामानंतर पुन्हा भरली नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीगमध्ये ‘मुंबई मॅजिशियन्स’ उतरला. हंगामाच्या सुरुवातीलाच राजकीय विरोधामुळे पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावे लागले आणि संघाची घडी विस्कटली. दोन हंगामांत तोही संपला. २०१५ मध्ये ‘दबंग मुंबई’ आला, २०१७ च्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, चंडीगडला कलिंगा लान्सर्सकडून ४-१ ने हरला, आणि लीगच थांबली. बारा वर्षांत महाराष्ट्राच्या वाट्याला पाच नावे आली आणि एकही टिकले नाही. एखाद्या मुलाने दहाव्या वर्षी ज्या संघावर जीव लावावा, तो संघ त्याच्या बाराव्या वर्षी अस्तित्वात नसे. अशा स्थितीत प्रेक्षकाला दोष देणे अन्यायाचे आहे. तालमीचा वस्ताद गेला तरी तालीम राहते. इथे दरवेळी तालीमच मोडून नवी बांधली गेली.

लीग २०२४-२५ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे बहुतेक सामने ओडिशातल्या राउरकेला इथे आणि महिलांचे रांचीत ठेवले गेले. महाराष्ट्राचा एकही संघ तिच्यात नव्हता. राउरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम २०२३ च्या विश्वचषकासाठी बांधले गेले. वीस हजारांवर प्रेक्षक बसतील एवढे ते मोठे आहे, आणि विश्वचषकात ते भरलेही. ते ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे तिथल्या आदिवासी गावांत ‘खस्सी’ स्पर्धा होतात: जिंकणाऱ्या गावाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो आणि संध्याकाळी गाव एकत्र जेवते. दिलीप तिर्की, लाझरस बार्ला, अमित रोहिदास हे याच जिल्ह्याचे. नारळावरच्या कुस्तीने भीमाकाठी जे केले तेच बोकडावरच्या हॉकीने तिथे केले आहे.

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीतही अशीच रचना दिसते. तिथे पहिली फळी एनएचएलची. तिच्याखालच्या अमेरिकन हॉकी लीगमधले संघ वरच्या संघांशी बांधलेले असतात आणि चांगला खेळाडू हंगामाच्या मध्येच वर बोलावला जातो. या दुसऱ्या लीगमध्ये प्रेक्षकसंख्येत वर्षानुवर्षे आघाडीवर राहिलेला संघ न्यूयॉर्कचा नाही, शिकागोचाही नाही. तो पेनसिल्व्हानियातल्या हर्शे या चॉकलेट कारखान्याच्या गावाचा आहे. वस्ती सुमारे १४ हजार, प्रेक्षागृह दहा हजारांवर आसनांचे, आणि संघ १९३८ पासून त्याच नावाने त्याच गावी खेळतो आहे. शिकागोत मात्र वेगळी गंमत घडली. तिथल्या एनएचएल संघाचे मालक २००७ पर्यंत घरचे सामने स्थानिक दूरदर्शनवर दाखवू देत नसत. त्या काळात १९९४ मध्ये निघालेल्या दुसऱ्या फळीच्या संघाने बराच प्रेक्षक जमवला. मोठ्याने पाठ फिरवली की धाकट्याला जागा मिळते, एवढेच त्यावरून दिसते. मोठा शेजारी प्रेक्षकाची काळजी घेऊ लागला की धाकट्याला नात्याशिवाय दुसरा आधार राहत नाही.

महाराष्ट्रात असा धाकटा भाऊ स्वतःच्या पायावर उभा आहे तो कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी संघांची नावे वाचली की पेठांचा नकाशा समोर येतो. यांतल्या निम्म्याहून अधिक नावांत तालीम आहे. कुस्तीच्या माणसांनीच फुटबॉल आपलासा केला. शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगचा सामना असला की हजारोंची गर्दी होते, पेठेपेठेत झेंडे लागतात, हलगी इथेही वाजते. या ईर्ष्येची काळी बाजूही आहे. हुल्लडबाजी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त हे तिथे घडले आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. पण देशाच्या फुटबॉलमध्ये दुय्यमसुद्धा न मानल्या जाणाऱ्या या लीगला जो प्रेक्षक मिळतो, तो मुंबई एफसीला कूपरेजवर मिळाला नाही. हा संघ २००७ मध्ये निघाला, आय-लीगमध्ये नऊ हंगाम खेळला, २०१७ मध्ये बंद झाला. पुणे एफसीही २००७ चा. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरूनही तो टिकला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ खेळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. अकरा जण बाजारातून आणून शहराचे नाव त्यांच्या छातीवर लावले, तरी त्यातला एकही कोणत्या आळीचा आहे हे प्रेक्षकाला सांगता येत नव्हते.

मुंबईलाही पेठा होत्या. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी, नायगाव इथल्या चाळींतून कबड्डीची मंडळे उभी राहिली. गिरणीची पाळी सुटली की कामगार दिव्यांच्या उजेडात सामने पाहत उभा राही. त्याची खोली पाच मिनिटांवर असे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. चाळींच्या जागी टॉवर आले. मंडळांच्या पाट्या राहिल्या, पण त्यांचे प्रेक्षक बदलापूर, विरार, दिव्याला राहायला गेले. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी वरळीतूनच सुरू झाली, यू मुंबाने २०१५ मध्ये ती जिंकली, आणि शहराने तिचे कौतुकही केले. पण ती दूरचित्रवाणीसाठी बांधलेली स्पर्धा आहे. २०२४ च्या हंगामाचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे झाले. यू मुंबाला त्या वर्षी मुंबईत एकही सामना मिळाला नाही.

अंतराचा आणि वेळेचा प्रश्न यानंतर येतो, आधी नव्हे. तो खरा आहे. मुंबईत उपनगरातून चर्चगेटला जाऊन परत येण्यात तीन तास सहज जातात. पुण्याचे क्रिकेट स्टेडियम शहराबाहेर गहुंज्याला, द्रुतगती महामार्गालगत आहे. तिथे स्वतःची गाडी नसलेल्याने रणजीचा सामना पाहायला जावे अशी अपेक्षाच करता येत नाही. त्याउलट सोलापूरचे इंदिरा गांधी स्टेडियम, ज्याला लोक अजून पार्क मैदानच म्हणतात, शहराच्या मध्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचा मणिपूरविरुद्धचा रणजी सामना तिथे झाला. दक्षिण सोलापूरच्या गावांतून सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतता येईल, असा तो सामना होता. राज्य संघटनेने अशा शहरांना नियमित सामने दिले तर दुसऱ्या फळीच्या क्रिकेटला पुण्या-मुंबईपेक्षा चांगले घर मिळेल, असे मानायला पुरेसा आधार आहे. कोल्हापूर, सांगली, नांदेड, जळगाव ही नावेही याच यादीत बसतात.

महानगरापुरता उपाय शोधायचा तर तो शहराच्या नावात मिळणार नाही. वॉर्डात, आळीत, वसाहतीत मिळेल. वांद्र्याच्या शाळा आणि पॅरिशचे संघ, खडकीच्या वसाहतीचा संघ, नायगावचे मंडळ यांच्यात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, चालत जाता येईल अशा मैदानावर सामने होणे ही पहिली गरज आहे. खेळाडू त्याच भागातले हवेत, निदान निम्मे तरी. संघाचे नाव दहा वर्षे बदलता कामा नये, मग पुरस्कर्ता कुणीही असो. आणि सामन्याआधी शाळकरी पोरांचा सामना ठेवावा. भीमाकाठच्या प्रत्येक मैदानात दुपारच्या रेवड्यांच्या कुस्त्या याच कारणासाठी लावल्या जातात: त्या संपेपर्यंत आखाड्याची पहिली रांग भरलेली असते, आणि त्या रांगेतली माणसे शेवटच्या जोडीपर्यंत उठत नाहीत.